दाताचा दवाखाना आणि पर्यावरण : पाऱ्यापासून पेल्यापर्यंत

कारखान्याचे धुराडे आपल्याला दिसते, नाल्यावर तरंगणारा फेस दिसतो, पोखरलेला डोंगर दिसतो. परंतु बाजारपेठेतील एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत थाटलेल्या दाताच्या दवाखान्यातून दिवसाकाठी काय बाहेर पडते आणि ते कोठे जाते, याची चौकशी रुग्ण सहसा करीत नाही. त्याला आपल्या ठणकणाऱ्या दाढेची काळजी असते आणि ते स्वाभाविकच आहे. एका दवाखान्याचा कचरा तसा थोडाच असतो. मात्र त्यात एक धातू असा आहे की, तो एकदा गटारात गेला की परत काढता येत नाही, कुजत नाही आणि जाळूनही नाहीसा होत नाही. तो म्हणजे पारा. प्रस्तुत लेखात पाऱ्याला अधिक जागा दिली आहे, ती याच कारणाने.

दंतोपचाराचा दर्जा आणि जंतुसंसर्गापासूनचे संरक्षण यांत कोणतीही तडजोड न करता, दवाखान्यातून बाहेर पडणारे विषारी पदार्थ, कचरा तसेच पाणी व वीज यांचा वापर कमी करणे, अशी पर्यावरणपूरक दंतवैद्यकाची व्याख्या करता येईल. अमेरिकेत २००८ साली याच हेतूने इको-डेंटिस्ट्री असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. दंतवैद्यांच्या जागतिक महासंघाने २०१७ साली या विषयावर आपली भूमिका जाहीर केली, तर २०२१ च्या जागतिक आरोग्य परिषदेतील मौखिक आरोग्याच्या ठरावात पर्यावरणस्नेही आणि दाताची कमीत कमी कापाकापी करणाऱ्या उपचारांचा उल्लेख आला. अलीकडे दवाखान्यात कुंड्या ठेवून आणि बांबूचे ब्रश विकून 'हिरवा दवाखाना' अशी पाटी लावण्याची पद्धत रूढ होऊ पाहत आहे. कुंड्यांना आमची हरकत नाही. परंतु त्या दवाखान्यातील पारा कोठे जातो, हा प्रश्न कुंडीच्या आधी विचारायला हवा, असे आम्हांस वाटते.

चांदी म्हणजे अर्धा पारा

'दाढेत चांदी भरली' असे आपण म्हणतो. तो पदार्थ म्हणजे अमाल्गम होय. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो आणि उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे यांची भुकटी असते. पारा या भुकटीत मिसळला की मऊ लगदा तयार होतो, तो दाढेच्या खड्ड्यात दाबून बसविता येतो आणि थोड्या वेळात दगडासारखा घट्ट होतो. कल्पना जुनी आहे. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात, इ.स. ६५९ च्या औषधग्रंथात, अशा लेपाचा उल्लेख सापडतो असे सांगितले जाते. युरोपात तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला आणि १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी तो अमेरिकेत नेला. तेथे त्यावरून दंतवैद्यांत एवढे भांडण झाले की, अमाल्गम न वापरण्याची शपथ सभासदांवर लादणारी त्यांची संघटना १८५६ साली मोडली. पारा मात्र टिकला. स्वस्त, टिकाऊ, ओलसर दाढेतही बसणारा आणि फारसे कसब न मागणारा असा दुसरा पदार्थ दीर्घकाळ उपलब्धच नव्हता. गरिबांच्या लाखो दाढा त्याने वाचविल्या, हे मान्य केलेच पाहिजे.

ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी चांदी भरून घेतली असेल, त्यांना डॉक्टरांच्या टेबलावरील लहानसा खलबत्ता आठवेल. बाटलीतून पाऱ्याचे थेंब आणि डबीतून धातूची भुकटी खलात घेऊन ती घोटली जात असे. मग तो लगदा मलमलीच्या तुकड्यात धरून पिळायचा, म्हणजे जास्तीचा पारा बाहेर येई. या प्रत्येक पायरीवर पारा थोडाथोडा सांडत असे. फरशीच्या फटीत, टेबलाच्या सांध्यात, क्वचित तळहातावर. साध्या खोलीच्या उष्णतेलाही पाऱ्याची वाफ होते, तिला वास नसतो आणि ती दिसतही नाही. रुग्ण अर्ध्या तासात घरी जाई. डॉक्टर आणि त्यांची मदतनीस त्याच हवेत दिवसभर असत. म्हणूनच पाऱ्याच्या प्रश्नात पहिला धोका कोणाला, असे विचारले तर उत्तर रुग्णाच्या आधी मदतनिसाचे नाव घेऊन द्यावे लागते.

दवाखान्याबाहेर पारा तीन वाटांनी पडतो. जुनी चांदी कोरून काढताना किंवा नवी घासून गुळगुळीत करताना उडालेली कणी पाण्याबरोबर थुंकदाणीत आणि तेथून गटारात जाते, ही पहिली वाट. उरलेला लगदा व चांदी असलेली उपटलेली दाढ कचऱ्यात पडते आणि तो कचरा भट्टीत गेला तर पारा वाफ होऊन धुराड्यातून हवेत जातो, ही दुसरी. तिसरी वाट जरा अनपेक्षित आहे. मृतदेहाच्या दहनाबरोबर दातांतील पाराही हवेत मिसळतो आणि ब्रिटनमध्ये दाहिन्यांना यासाठी गाळणी यंत्रे बसवावी लागली.

गटारात गेलेली कणी जड असते, ती लगेच विरघळत नाही, गाळात बसते. आपल्याकडे अनेक इमारतींचे सांडपाणी सेप्टिक टाकीत किंवा सरळ नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. खाडीच्या चिखलात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, काही सूक्ष्म जंतू पाऱ्याचे रूपांतर मिथाइल पाऱ्यात करतात. हा पदार्थ सजीवांच्या शरीरात साठत जातो. शेवाळापेक्षा कोळंबीत अधिक, लहान माशापेक्षा मोठ्या माशात अधिक, असे त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते आणि शेवटची पायरी आपल्या ताटातील असते. गर्भातील बाळाच्या मेंदूला त्याचा विशेष धोका असतो. जपानमधील मिनामाता या मासेमारीच्या गावी हे जगाने पाहिले. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथाइल पारा असलेले सांडपाणी उपसागरात सोडले जात होते. तेथील विचित्र आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली, तरी हे पाणी सोडणे १९६८ पर्यंत थांबले नाही. मांजरे झटके येऊन मेली, माणसांचे हातपाय लुळे पडले, मुले जन्मतःच अपंग निपजली. मिनामाताचा पारा दवाखान्यातला नव्हता आणि त्याचे प्रमाणही कितीतरी मोठे होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत ज्यांचे घर मासळीवर चालते, त्यांनी खाडीच्या चिखलात काय मुरते आहे याविषयी बेफिकीर राहणे परवडणारे नाही.

त्या गावाच्या नावानेच पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. मिनामाता करार ऑक्टोबर २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अंमलात आला. भारताने त्यावर २०१४ साली सही केली व जून २०१८ मध्ये त्यास रीतसर मान्यता दिली. सुरुवातीला या करारात अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करावा एवढेच म्हटले होते. मार्च २०२२ मध्ये बाली येथील परिषदेत दोन गोष्टींची भर पडली : दंतवैद्यांनी सुटा पारा वापरू नये, आणि दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालील मुलांत तसेच गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांत अमाल्गम भरू देऊ नये, निदान त्याविरुद्ध शिफारस करावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या सहाव्या परिषदेने २०३४ पर्यंत दातांतील अमाल्गमचा वापर संपुष्टात आणण्याचे ठरविले. नॉर्वे आणि स्वीडन यांनी २००८-०९ च्या सुमारासच हा निर्णय घेतला होता, तर युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, अगदी अपरिहार्य वैद्यकीय कारण असल्याखेरीज, अमाल्गम भरता येत नाही.

म्हणजे पारा जाणार हे ठरले आहे. तथापि नवी चांदी भरणे उद्या सकाळी थांबले तरी आधी भरलेली चांदी लोकांच्या तोंडांत आहेच. ती झिजेल, निघेल, दाढेसह उपटली जाईल. हे पुढील कित्येक वर्षे चालेल. त्यामुळे 'आम्ही आता चांदी भरतच नाही' असे सांगणाऱ्या दवाखान्यालाही पाऱ्याची व्यवस्था करावीच लागते. हा मुद्दा बहुधा दुर्लक्षिला जातो.

दवाखान्यात काय करता येते

सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे अमाल्गम विभाजक. रुग्णाच्या तोंडातील पाणी ओढून घेणारी नळी आणि गटार यांच्या मध्ये हे उपकरण बसते. पाणी त्यातून जाताना जड कणी तळाशी बसते, काही प्रकारांत ती गाळून किंवा घुसळून वेगळी केली जाते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याने किमान ९५ टक्के अमाल्गम अडविले पाहिजे. अमेरिकेत २०१७ च्या नियमान्वये असे विभाजक बसविण्यास दवाखान्यांना जुलै २०२० पर्यंत मुदत देण्यात आली होती. या एका नियमाने वर्षाला सुमारे ५.१ टन पारा सांडपाण्यात जाण्यापासून वाचेल, असा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता. युरोपीय संघात ही सक्ती २०१९ पासून आहे. आपल्याकडील लहान दवाखान्यांत हे उपकरण क्वचितच दिसते. तोवर खुर्चीच्या नळीतील जाळी तरी असतेच. मोठी कणी तीत अडकते. मात्र ती जाळी संध्याकाळी बेसिनच्या नळाखाली धुतली, तर दिवसभर अडविलेले सर्व काही एका मिनिटात गटारात जाते. जाळीतील कणी, उरलेला लगदा आणि रिकाम्या कॅप्सूल घट्ट झाकणाच्या डबीत साठवून घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्या संस्थेकडे सोपविणे, ही खरी पद्धत होय.

कॅप्सूलचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे, तर खलबत्त्याची जागा आता बंद कॅप्सूलने घेतली आहे. तीत पारा आणि भुकटी मोजून भरलेली असते, मध्ये पडदा असतो, यंत्रात ती हलविली की आतल्या आत मिश्रण होते. हात लागत नाही, सांडत नाही. पारा सांडलाच तर झाडूने झाडू नये, घरगुती व्हॅक्यूम यंत्र तर मुळीच लावू नये, कारण थेंब फुटून वाफ वाढते. खिडक्या उघडून, ताठ कागदाने थेंब एकत्र लोटून ते सिरिंजने उचलावेत व फटीत गंधकाची भुकटी टाकावी.

एक बारकावा येथे नोंदविण्यासारखा आहे. आपल्याकडे स्वच्छतेचा अर्थ बहुधा ब्लीचिंगच्या पाण्याने धुणे असा असतो. पाणी ओढणाऱ्या नळ्या क्लोरीनयुक्त द्रावणाने धुतल्या तर नळीत बसलेल्या अमाल्गममधील पारा सुटून पाण्यात उतरतो आणि विभाजकाचे काम व्यर्थ जाते. त्यासाठी सौम्य, क्लोरीनविरहित द्रावणे वापरावी लागतात. सद्भावनेने केलेली अतिस्वच्छताही अशी अंगाशी येते. चांदी असलेली उपटलेली दाढही इतर दाढांबरोबर पिवळ्या पिशवीत टाकू नये, कारण ती पिशवी भट्टीत जाते. ती वेगळ्या डबीत गेली पाहिजे.

येथवर वाचून एखाद्या वाचकाला आपल्या तोंडातील जुनी चांदी आजच काढून टाकावीशी वाटेल. तसे करू नये. चांगल्या स्थितीत असलेल्या चांदीतून निघणारी वाफ अत्यल्प असते. उलट ती कोरून काढताना वाफ व कणी या दोहोंचे प्रमाण काही काळ वाढते आणि दाढेचा निरोगी भागही थोडा जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही सप्टेंबर २०२० मध्ये गर्भवती स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे विकार असणारे अशांना नवी चांदी भरू नये असे सुचविताना, शाबूत चांदी गरजेशिवाय काढू नये असेच सांगितले आहे. ती सैल झाली, तडकली किंवा तिच्याखाली कीड लागली, तरच काढावी. त्या वेळी डॉक्टरांनी रबरी पडदा लावून, भरपूर पाणी व जोरदार शोषणनळी वापरून, चांदी भुगा न करता मोठ्या तुकड्यांत काढली, म्हणजे रुग्ण, डॉक्टर आणि खाडी या तिघांचाही लाभ होतो.

मग भरावे काय? आपण ज्याला 'सिमेंट' म्हणतो ते ग्लास आयोनोमर ब्रिटनमधील विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या सुमारास शोधले. त्यातून फ्लोराइड हळूहळू पाझरते, ते दाताला चिकटते आणि ओलाव्याला फारसे घाबरत नाही. मात्र चावण्याच्या मोठ्या ताणाखाली ते चांदीइतके टिकत नाही. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट अधिक मजबूत आणि दिसायला सुंदर, पण महाग. ते भरायला वेळ व कसब लागते. ते मुळात प्लास्टिकच्या जातीचे असल्यामुळे घासताना त्याचेही सूक्ष्म कण पाण्यात जातात. निर्दोष पदार्थ अद्याप सापडलेला नाही. ग्लास आयोनोमर आणि कीड थोपविणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला, ही गरीब देशांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात एक पद्धत विकसित झाली. तीत कीड हाताच्या साध्या हत्यारांनी कोरून काढतात आणि खड्डा ग्लास आयोनोमरने भरतात. वीज नको, ड्रिल नको, नळाचे पाणी नको, बहुतेक वेळा भुलीची सुईही नको. 'आर्ट' या लघुनावाने ती ओळखली जाते आणि खेड्यापाड्यांसाठी तिचा पुरस्कार जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ सालीच केला. शाळकरी मुलांच्या दाढांसाठी इतका साधा व निर्मळ उपाय असताना तो आपल्याकडे कमी वापरला जातो, याचे आम्हांस नवल वाटते.

चार रंगांच्या पिशव्या

पाऱ्याखेरीजच्या कचऱ्याची व्यवस्था भारतात जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे चालते. १९९८ चे जुने नियम रद्द करून हे नियम आले आणि ते एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. पिवळ्या पिशवीत रक्त-लाळेने माखलेला कापूस, उपटलेले दात आणि मुदत संपलेली औषधे जातात व त्या भट्टीत जाळल्या जातात. लाल पिशवीत हातमोजे, लाळ ओढण्याच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज. हे प्लास्टिक वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणता येते. सुया, ब्लेड, दात कोरण्याची टोके, दात सरळ करण्याच्या तारा हे सारे पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून न फाटणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या व धातूचे इम्प्लांट निळ्यात. कागद, वेष्टने, चहाचे कप हा साधा कचरा मात्र नगरपालिकेच्या गाडीत जावयाचा आणि तो पिवळ्या पिशवीत टाकला, की विनाकारण जाळावा लागतो. माखलेला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ साठविता येत नाही. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्याला स्वतःची भट्टी लावण्यास मनाई आहे. या नियमांनी क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या व हातमोजे बंद करण्यास सांगितले, कारण असे प्लास्टिक जाळले की डायॉक्सिन नावाची अतिविषारी द्रव्ये तयार होतात.

नियम कागदावर चांगले आहेत. त्यांचा खरा कस लागतो तो संध्याकाळी सातनंतर, डॉक्टर निघून गेल्यावर, केर काढणाऱ्या बाईंच्या हाती. काळ्या पिशवीत कापसाच्या बोळ्यात लपलेली एक सुई त्यांच्या बोटात शिरली, तर कावीळ ब आणि क किंवा एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. त्यांच्यानंतर ती पिशवी घंटागाडीवरील कामगाराच्या आणि मग कचराभूमीवर भंगार वेचणाऱ्या मुलाच्या हाती जाते. दवाखान्यातील सर्व कर्मचाऱ्यांना कावीळ ब ची लस देणे आणि कचऱ्याचे रंग शिकविणे हे या नियमांनी मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. केर काढणाऱ्या बाई त्या कर्मचाऱ्यांत मोजल्या जातात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

क्ष-किरण, पाणी आणि पेले

दाताची क्ष-किरण फिल्म धुण्याच्या जुन्या पद्धतीत तीन कटकटी होत्या. फिक्सरच्या वापरलेल्या द्रावणात चांदी उतरते, डेव्हलपरमध्ये हायड्रोक्विनोनसारखी रसायने असतात आणि प्रत्येक लहान फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो. संगणकावर प्रतिमा दाखविणाऱ्या डिजिटल पद्धतीत यांपैकी काहीच लागत नाही, शिवाय किरणांची मात्राही कमी पुरते. यंत्र महाग असते, हे खरे. ज्यांच्याकडे अद्याप फिल्म आहे त्यांनी फिक्सर चांदी काढणाऱ्यांना द्यावा आणि शिशाचे पत्रे साठवून पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवावेत.

पाण्याचा मोठा खर्च दोन ठिकाणी होतो. सतत वाहती ठेवलेली थुंकदाणी आणि पाण्याच्या फिरत्या कड्यावर चालणारा शोषणपंप. थुंकदाणीला वेळ ठरविणारी झडप लावता येते आणि कोरड्या पद्धतीचा पंप पाणी मुळीच मागत नाही. उन्हाळ्यात ज्यांच्या इमारतीत टँकर येतो, त्यांना याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. घरी ब्रश करताना नळ सोडून ठेवला तर मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी जाते. एका तांब्यात ते काम होते, हे आपल्या आजी-आजोबांना कोणी शिकविले नव्हते.

चूळ भरण्यासाठी पूर्वी प्लास्टिकचे पेले असत. १ जुलै २०२२ पासून असे पेले देशभर बंद झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. स्टीलचा पेला ऑटोक्लेव्हमध्ये इतर हत्यारांबरोबर टाकला की प्रश्न मिटतो. निर्जंतुक करण्यासाठी ग्लुटराल्डिहाइडसारख्या उग्र रसायनापेक्षा १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेवर चालणारे ऑटोक्लेव्ह अधिक विश्वासार्ह आणि गटारालाही निरुपद्रवी. मात्र सुया व हातमोजे पुन्हा वापरून कोणी 'पर्यावरण' वाचवू लागला, तर तेथून उठून यावे. २०२० च्या साथीनंतर एकदा वापरून टाकावयाच्या वस्तू बऱ्याच वाढल्या. त्यांतील आवश्यक कोणत्या आणि भीतीपोटी चालू राहिलेल्या कोणत्या, याची छाननी दवाखान्यांनी आता करावयास हवी.

वीज आणि प्रवास यांविषयी एक आकडा विचार करावयास लावणारा आहे. इंग्लंडमधील सरकारी दंतसेवेच्या कार्बन उत्सर्जनाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे ६,७५,००० टनांच्या या उत्सर्जनापैकी जवळजवळ ६५ टक्के भाग कर्मचारी आणि रुग्ण यांच्या येण्याजाण्याचा होता, सामानसुमान खरेदीचा १९ टक्के, विजेचा व इंधनाचा सुमारे १५ टक्के. तेथे लोक मोटारीने जातात; आपल्याकडे रिक्षा, लोकल किंवा पायीच, म्हणून तो आकडा जसाच्या तसा येथे लागू होणार नाही. पण घरातील चौघांची तपासणी एकाच दिवशी ठेवणे आणि दोन लहान कामे एकाच बैठकीत उरकणे, यांत खर्च काहीच नाही. मुलांना शांत करण्यासाठी काही ठिकाणी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे. त्याची नळी गळत नाही ना, हे पाहणे ओघानेच आले. आणि ज्या दाढेला कीडच लागली नाही, तिला प्रवास, पारा, प्लास्टिक, वीज यांपैकी काहीच लागत नाही. दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने घासलेले दात आणि जेवणांमधील गोड खाण्यावर आवर, हा भाग दवाखान्याबाहेरचा असला तरी हिशेबात सर्वांत मोठा आहे.

दंततपासणी शिबिरे

आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांत आणि शाळांत दंततपासणी व उपचारांची शिबिरे होतात. वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या नियमांत आरोग्य शिबिरांचा स्पष्ट समावेश आहे. तेव्हा शिबिराची आखणी करताना मंडप, ध्वनिक्षेपक आणि अल्पोपाहार यांच्या बरोबरीने काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. केवळ तपासणी असेल तर कचरा हातमोजे, कापूस आणि मुखपट्ट्या एवढाच असतो. दात उपटावयाचे असतील तर सुया आल्या, म्हणजे पांढरा डबा आला. ज्या दवाखान्याचे किंवा दंत महाविद्यालयाचे डॉक्टर येणार, त्यांनी रंगीत पिशव्या व डबा सोबत आणावा आणि भरलेल्या पिशव्या त्याच दिवशी परत नेऊन आपल्या नोंदणीकृत कचऱ्यात मिळवाव्यात, असे आयोजकांनी आधीच ठरवून घ्यावे. सभागृहामागील खड्ड्यात काही पुरू नये, पानगळीबरोबर काही जाळू नये. दाढा भरावयाच्या असतील तर शिबिरात चांदी नको, ग्लास आयोनोमर वापरावे, असे सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही; बहुतेक डॉक्टर स्वतःच तसे करतात. स्वयंसेवकांपैकी एकाकडे संध्याकाळी पिशव्या मोजून डॉक्टरांच्या गाडीत ठेवण्याचे काम सोपवावे आणि सभागृह झाडणाऱ्यांनी पांढरा डबा बंद होऊन गेल्यानंतरच झाडू हाती घ्यावा.